स्टेशन दोनचा विलंब

पहाटेचे पाच चाळीस. भट्टी अजून थंड,
व्होगा नदीवरचं धुकं पत्र्याच्या फटींतून आत आलेलं.
डोक्यावर साखळी, तेल प्यालेली,
साखळी कधी थांबत नाही, थांबतात त्या ट्रॉल्या.
आणि किती थांबतात ते माझ्या बोटांवर आहे.

पॅनेल उघडते. टायमर दोन: अकरा सेकंद.
वरच्या मजल्यावरून चिठ्ठी आलीय, सात करा.
खाली सही, सहीच्या वर बेरीज:
पाळीमागे सहाशे सांगाडे जास्त.
सायकलींचे सांगाडे. रंगाआधीचे, राखाडी, थंडगार.

ट्रॉली येते. सेन्सरचा तांबडा डोळा तिला बघतो.
अडसर वर. ट्रॉली थांबते. आकडे उतरू लागतात.
शून्य झालं की अडसर खाली,
मग कुणाच्या हातात काय राहिलं
हे विचारायची सोय या यंत्रात नाही.

सहा वाजता देओलिंदा येते, ॲप्रनची गाठ मागे न बघता मारते.
बावीस वर्षं स्टेशन दोनवर.
उजवा खांदा वर जाताना जरा अडतो, बिजागरीसारखा,
मग जातो.
सांगाडा उचलायचा, पेडलच्या भोकाखाली अंगठा फिरवायचा,
वेल्डिंगचा खडा लागला तर बाजूला, नाही तर हूकवर.
अंगठ्याचं काम कुठल्याच कागदावर नाही.
मी शेजारी उभी राहून मोजलं, वीस वेळा:
साडेनऊ. कधी नऊ. डावा हूक वाकडा आला तर दहा.

तरी सात टाकले. चिठ्ठी चिठ्ठी असते.

पहिला सांगाडा लागला.
दुसरा लागला, तिरका, झोके खात गेला.
तिसरा तिच्या हातात असतानाच ट्रॉली निघाली.
ती तशीच उभी, दोन्ही हात वर,
कुणाला तरी काहीतरी द्यायला आलेली
आणि दार लागलेलं.
रिकामा हूक रंगाच्या खोलीत गेला.
फवाऱ्यांनी इमानदारीत हवेला निळं केलं.

अंगठा फिरवणं तिने पाचव्याला सोडलं.
मी पाहिलं. तिने मला पाहताना पाहिलं.
दोघी काहीच बोललो नाही.

पळ.
हा थांबलेला वेळ आहे
की धावायचा हुकूम?

साडेसातला तेल्मो भट्टीकडून ओरडला.
तोंडाशी अकरा ट्रॉल्या, एकीला एक टेकून,
घाईने आलेल्या, आता कुणासाठीच न थांबलेल्या.
भट्टीला घाई कळत नाही.
ती चौदा सेकंदांना एक घेते, पावडर वितळेपर्यंत दुसरा नको म्हणते,
तिला कुणी चिठ्ठी पाठवत नाही.

मग पेन्सिल घेतली, खोक्याच्या पाठीवर मांडलं:
चौदातून चार, स्टेशन ते स्टेशनचा प्रवास.
दहा.
इतकं सोपं होतं, आणि तरी मी
आधी अकरा सांगाडे एकमेकांवर घासू दिले.

दहा टाकले. सेव्ह. चावी फिरवली.
नोंदवहीत लिहिलं:
स्टेशन दोन, विलंब दहा सेकंद. कारण: भट्टी.
इंजिनिअर सेव्हेरिनो ते वाचतील, मान हलवतील,
यंत्राचं कारण माणसाला पटतं.
दुसरं कारण लिहायला त्या रकान्यात जागा होती.
लिहिलं नाही.

दुपारी डब्याआधी पुन्हा मोजायला गेले.
उचलला. अंगठा. हूक.
साडेनऊ.
अर्धा सेकंद उरतो,
जुन्या हिशेबात एक विपळ आणि वर चिमूटभर.
त्यात ती हात खाली सोडते,
कानामागे आलेला केस मनगटाने मागे सारते,
आणि अडसर पडायच्या आधी
पुढच्या रिकाम्या हूककडे बघते.